बाळंतपण माहेरी, पाळणा गिरणगावात: शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईचा जन्मदर कसा वाचायचा

2023 पासून कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि कोतवाल बुक, गाव नमुना नंबर 14 (म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी), मोडी वाचक हे शब्द एकदम घराघरात गेले. आमच्या घरी पण भाचीच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा पाहिजे होता. माझे आजोबा मुंबईचे, सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं, पणजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, त्यामुळे जन्माची नोंद मुंबईतच असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. साल पक्कं कोणालाच माहीत नव्हतं, "मानमोडीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी" एवढंच. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा. त्या हिशोबाने एका कार्यालयात 1919 पासून 1922 पर्यंतची रजिस्टरं बघायला सांगितली, तीन हेलपाटे मारले, मधली काही पानं वाळवीने खाल्लेली, बाकीच्यांत नाव नाही.

शेवटी नोंद मिळाली ती संगमेश्वर तालुक्यात, आणि ती पण आमच्या गावात नाही, पणजीच्या माहेरच्या गावात. मोडी वाचणारे काका एकेका ओळीवर बोट फिरवत होते आणि एका ओळीवर थांबले. बापाचं नाव, जात, तारीख, आणि बाळाच्या नावाच्या जागी फक्त "मुलगा". मग त्यांनी पान मागे उलटलं आणि म्हणाले, ह्याच बापाची अजून एक नोंद आहे, तीन वर्षं आधीची, "मुलगी".

तेव्हापासून मी शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या जन्म नोंदींबद्दल जे मिळेल ते वाचतोय. जनगणनेचे रिपोर्ट, आरोग्य खात्याचे आकडे. आणि एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरली की हे आकडे नुसते वाचून काहीच कळत नाही, उलट चुकीचं कळतं. जन्मदर हा आकडा समजायला माहेरपण समजलं पाहिजे, चाळ समजली पाहिजे, आणि स्मशानातलं रजिस्टर कसं चालतं ते पण.

आधी अगदी सोपं घेऊ. जन्मदर म्हणजे वर्षभरात नोंदलेले जन्म भागिले एकूण लोकसंख्या गुणिले हजार. म्हणजे हजार माणसांमागे किती बाळं जन्मली. अपूर्णांक आहे तो, वर एक आकडा आणि खाली एक आकडा. दर कमी आला की आपण लगेच म्हणतो बाळं कमी जन्मली. पण तसं असेलच असं नाही, वरचा आकडा अपुरा लिहिलेला असू शकतो, खालचा आकडा चुकलेला असू शकतो, किंवा खालच्या आकड्यात अशी माणसं भरलेली असू शकतात ज्यांच्या घरात बाळ जन्मायचा प्रश्नच नाही. मुंबईत ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या.

खालच्या आकड्यापासून सुरू करतो कारण त्यातली गंमत पटकन दिसते. 1901 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 7,76,006 आली. हा आकडा प्लेगच्या काळातला आहे हे विसरायचं नाही. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि त्या हिवाळ्यात लाखो लोक मुंबई सोडून पळाले, नंतरची काही वर्षं साथ आली की शहर रिकामं आणि ओसरली की भरलं असं चाललेलं. मग 1906 ला पालिकेने स्वतः मोजणी करून घेतली तर लोकसंख्या निघाली 9,77,822. पाच वर्षांत दोन लाख वाढली. आता विचार करा, 1905 सालचे जन्म किंवा मृत्यू तुम्ही 1901 च्या लोकसंख्येने भागले तर दर जवळजवळ पाव पटीने फुगतो, आणि खऱ्या लोकसंख्येने भागले तर खाली येतो, आणि ह्यात एकही बाळ जास्त जन्मलेलं नाही की कमी जन्मलेलं नाही. म्हणून त्या काळातले दर बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की भागाकार कुठल्या सालच्या लोकसंख्येने केलाय.

आता ह्या लोकसंख्येत होते कोण? मुख्य म्हणजे पुरुष. 1911 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका साधारण 530. म्हणजे तीनात एक बाई आणि दोन पुरुष असं शहर. गिरणीत, गोदीत, हमालीला आलेला माणूस एकटा यायचा, खानावळीत जेवायचा, गावकीच्या खोलीत दहा-बारा जणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा, बायको गावी. ही सगळी माणसं जन्मदराच्या खालच्या आकड्यात आहेत, त्यांची बाळं मात्र वरच्या आकड्यात नाहीत कारण ती चिपळूणला, राजापूरला, साताऱ्याला, जुन्नरला जन्मतायत. मुंबईत राहणाऱ्यांपैकी मुंबईतच जन्मलेली माणसं 1911 ला शंभरात वीस पण नव्हती आणि 1921 ला तर सोळावर आली. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्ग पण होता, जन्मलेली दोन लाखांच्या वर माणसं 1921 ला मुंबईत होती. तेव्हा मुंबईचा जन्मदर आसपासच्या जिल्ह्यांच्या मानाने खूप कमी दिसतो आणि कोणी म्हणतं की शहरी राहणीमुळे मुलं कमी झाली, तर थांबायचं, आधी बायका किती होत्या ते बघायचं. आजचे अभ्यासक म्हणूनच नुसत्या जन्मदरावर थांबत नाहीत, पंधरा ते पन्नास वयाच्या बायकांमागे किती जन्म हे बघतात, त्याला जननदर म्हणतात.

बरं, ज्या बायका मुंबईत नवऱ्याबरोबर राहत होत्या त्यांचं काय. त्यांतल्या कितीतरी जणी बाळंतपणाला गावी जायच्या. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा रिवाज आजही आहे, तेव्हा तर दुसरं-तिसरं पण गावीच व्हायचं, त्याला कारण पण सरळ होतं. 1911 ला मुंबईतली शंभरातली 69 माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. एकच खोली, त्यातच चूल, त्यातच मोरी, सासरे-दीर-पोटभाडेकरू सगळे तिथेच, त्यात बाळंतिणीने कुठे पडायचं? शेक-शेगडी कुठे करायची? गावी निदान एक काळोखी खोली असायची, आई असायची, ओळखीची सुईण असायची. सातवा महिना लागला की भाऊ यायचा न्यायला आणि ती बोटीने निघायची. बोट पावसाळ्यात बंद, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर निघालेली बाई एकदम नारळी पौर्णिमेनंतर परतायची, कडेवर तान्हं बाळ घेऊन. ते बाळ गिरणगावात वाढलं, गिरणगावचंच झालं, पण मुंबईच्या जन्म रजिस्टरात ते कधीच आलं नाही. माझे आजोबा त्यातलेच एक.

आणि ज्यांचं बाळंतपण खरंच चाळीत झालं त्यांची तरी नोंद व्हायची का? कायदा होता. मुंबई पालिकेच्या 1888 च्या कायद्यात जन्माची खबर देणं बंधनकारक होतं, त्याच्या आधी 1886 ला देशभरासाठी जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आला होता पण तो बहुतेकांसाठी ऐच्छिक होता. पण खबर द्यायची म्हणजे बापाने गिरणीचा खाडा करून जायचं, खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. आणि त्या कागदाचा त्याला उपयोग काय? शाळेला लागत नव्हता, नोकरीला लागत नव्हता, रेशन कार्ड नावाची गोष्ट अजून यायची होती. उलट नोंद केली तर देवी टोचणारा दारात यायचा, कारण मुंबईत 1877 च्या कायद्याने तान्ह्या मुलांना देवी टोचणं सक्तीचं होतं आणि लोकांना त्याची भीती वाटायची. प्लेगच्या वेळी घरात घुसून माणसं उचलून नेलेली लोकांनी पाहिली होती, पालिकेच्या माणसाला घरातली खबर द्यायला त्यांचा हात कसा पुढे येईल सांगा. सुईणीला लिहिता येत नव्हतं आणि तिला कोणी विचारत पण नव्हतं.

अजून एक बारीक गोष्ट, नावाची. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, कधी त्याच्या पण नंतर. पाचवीला सटवाईची पूजा होईपर्यंत तर बाळ आपलं झालं असं पण कोणी म्हणत नसे. त्यामुळे नोंद झालीच तरी बाळ बिननावाचं असायचं, "मुलगा" किंवा "मुलगी", आणि नंतर नाव चढवायला कोणी परत जायचं नाही. जुना दाखला शोधणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, आजोबांच्या नावाने शोधू नका, पणजोबांच्या नावाने शोधा, आणि पणजीच्या माहेरच्या गावात पण शोधा, आमचे तीन महिने ह्याच्यातच गेले.

आता मृत्यूकडे येऊ, कारण सगळा घोळ इथे उघडा पडतो. जन्म लपतो पण मृत्यू लपत नाही. प्रेत दहनाला किंवा दफनाला न्यायचंच असतं, आणि सोनापूर असो, शिवडी असो, वरळी असो, तिथे पालिकेचा कारकून रजिस्टर घेऊन बसलेला, नाव, वय, पत्ता, कारण लिहिल्याशिवाय पुढचं काही होत नव्हतं. तान्ह्या बाळाची पण नोंद व्हायची. म्हणजे एका रजिस्टरात गळती भरपूर आणि दुसऱ्यात फारच कमी, आणि बालमृत्यू दर काढायचा म्हणजे ह्या दोन रजिस्टरांचाच भागाकार: वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू भागिले त्या वर्षी नोंदलेले जन्म गुणिले हजार.

एक उदाहरण करून बघू. आकडे मी नुसते समजायला घेतोय, कुठल्या रिपोर्टातले नाहीत. एखाद्या गावात हजार माणसं, त्यात पाचशे बायका, आणि वर्षाला चाळीस बाळं होतात. गिरणगावातल्या हजार माणसांत बायका साडेतीनशेच्या आत, बाकी सगळं गावासारखंच धरलं तरी बाळं होणार अठ्ठावीस. त्यातल्या आठ जणी गावी गेल्या, राहिले वीस जन्म. त्यातल्या चौघांच्या घरच्यांनी खबर दिली नाही, नोंद झाली सोळा. गावचा दर चाळीस, गिरणगावचा सोळा, आणि प्रत्येक बाईला होणारी मुलं मात्र दोन्हीकडे अगदी सारखी. आता त्या अठ्ठावीस बाळांतली आठ बाळं वर्षाच्या आत गेली असं धरा, गावाहून परत आलेली पण ह्यात आली कारण ती मुंबईत आल्यावर गेली. खरा बालमृत्यू दर आठ भागिले अठ्ठावीस, म्हणजे हजारी 286 च्या आसपास. कागदावरचा दर आठ भागिले सोळा, हजारी 500. बाळं तेवढीच गेली, पण कागदावर आकडा पावणेदोन पट झाला.

हे डोक्यात ठेवून आता खरा आकडा बघा. 1921 साली मुंबईचा बालमृत्यू दर हजारी 667 च्या आसपास नोंदला गेला. म्हणजे तीन बाळांतली दोन. एका खोलीत राहणाऱ्यांचा तर 828, आणि चार किंवा जास्त खोल्या असलेल्यांचा 133. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. नंतर कळलं की एका खोलीतल्या बायकाच सगळ्यात जास्त गावी जायच्या, त्यांचीच बाळं जन्म रजिस्टरात सगळ्यात कमी यायची, आणि गावाहून आणलेली बाळं परत त्याच खोलीत येऊन त्याच पत्त्यावर जायची, त्यामुळे 828 मधला काही भाग नक्कीच अपुऱ्या नोंदींचा आहे.

पण इथे मला एक गोष्ट अगदी ठासून सांगायची आहे. आकडा फुगलेला आहे म्हणून दुःख खोटं होत नाही. फुगवटा काढून टाकला तरी जे उरतं ते भयंकरच आहे. 1922-23 च्या सुमाराला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टर बाईंनी मुंबईतल्या कामगार बायकांची पाहणी केली तेव्हा त्यांना आढळलं की ह्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. बाळागोळी म्हणायचे तिला. आई भल्या सकाळी गिरणीच्या भोंग्याला निघायची, संध्याकाळपर्यंत येणार नाही, बाळ खोलीत कोणा म्हातारीकडे किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे, ते रडू नये म्हणून गोळी. गोळीने बाळ झोपायचं, झोपलेलं बाळ दूध मागत नाही, आणि तसंच वाळत जायचं. कोणी आईला दोष देऊ नका कृपा करून, खाडा पडला तर घरात भाकरी नव्हती.

आपल्या जुन्या नावांत पण हे सगळं दिसतं. दगडू, धोंडू, केरू, भिकू, ही नावं कशी पडली विचारा घरातल्या म्हाताऱ्यांना. आधीची दोन-तीन गेली की पुढच्याचं नाव मुद्दाम असं ठेवायचं की दृष्ट लागू नये, दगड आहे हा, केर आहे हा, ह्याला कोण नेणार. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याही चाळीच्या हजेरीत ही नावं किती आहेत ते मोजलं तरी बालमृत्यूचा अंदाज येईल असं मला खरंच वाटतं.

नोंद नसल्याचे परिणाम पुढे आयुष्यभर पुरायचे. गिरणीत अर्धवेळ काम करणारी पोरं असायची, 1891 च्या कायद्याप्रमाणे नऊ वर्षांच्या खालचं पोर लावायचं नाही, 1922 पासून ते वय बारा झालं. पण वय ठरवणार कसं? दाखला कोणाकडेच नाही. मग सरकारी डॉक्टरपुढे पोराला उभं करायचे, तो तोंड उघडायला लावून दात बघायचा, अंगापिंडाकडे बघायचा आणि वय लिहायचा. शाळेत मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे, महाराष्ट्रात अजूनही हजारो म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला येतो तो ह्यामुळेच. पत्रिका ज्यांच्या घरी होत्या त्यांना तिथी-नक्षत्रासकट जन्मवेळ माहीत होती, गिरणीकामगाराकडे "प्लेगच्या साली", "मानमोडीत", "मोठ्या संपाच्या वेळी" एवढंच.

हे बदललं कसं तर एका दिवसात नाही. डॉ. टर्नर म्हणून पालिकेचे आरोग्य अधिकारी होते, त्यांच्या काळात पालिकेच्या नर्सेस चाळीचाळीतून फिरायला लागल्या, बाळंतिणीकडे जायच्या, बाळ बघायच्या. माझ्या मते कायद्याच्या धाकापेक्षा ह्या नर्सेसनी जास्त काम केलं, कारण पालिकेचं माणूस म्हणजे नुसतं उचलून नेणारं असं नाही हे बायकांना त्यांच्यामुळे दिसलं. मग दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, 1926 ला परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह निघालं, म्हणजे अगदी गिरणगावाच्या पोटात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नोंद तिथूनच होते, बापाला खाडा करावा लागत नाही. आणि 1929 ला मुंबई इलाख्यात प्रसूती भत्त्याचा कायदा झाला, कामगार बाईला बाळंतपणाच्या आधी-नंतरच्या काही आठवड्यांचे रोजचे आठ आणे. ते पैसे मिळवायला बाळ झाल्याचा पुरावा लागायचा, म्हणजे जन्म रजिस्टरातला उतारा. पहिल्यांदाच त्या कागदाचा गरीब घराला काहीतरी उपयोग झाला. जन्म आता कागदावर जास्त दिसायला लागले, आणि म्हणून 1921 नंतर बालमृत्यू दर खाली येताना दिसतो त्यातला काही भाग खरा सुधारलेला आणि काही भाग नुसता नोंदी सुधारल्यामुळे, दोन्ही वेगळे काढणं फार अवघड आहे.

परत त्या रजिस्टरावर येतो. मागच्या पानावरची "मुलगी" कोण ते आम्ही घरी येऊन मोठ्या आत्याला विचारलं. तिने सांगितलं की आजोबांच्या आधी एक बहीण झाली होती, पाच महिन्यांची असताना पणजी तिला घेऊन मुंबईला आली आणि त्याच पावसाळ्यात ती गेली. नाव आत्याला पण माहीत नाही. म्हणजे तिचा जन्म रत्नागिरी जिल्ह्याच्या आकड्यात आणि मृत्यू मुंबईच्या आकड्यात, मुंबईच्या त्या वर्षीच्या दरात वर ती आहे आणि खाली नाही.

पडताळणीला आजोबांची एकच ओळ पुरणार होती. आम्ही नक्कल दोन्ही ओळींची काढून आणली.